खटपटची पक्की गाडी

माझे काका गेट बनवतात. गेट, खिडक्यांचे ग्रिल, जिन्याचे कठडे. वस्तू तयार झाली, की गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते एक गोष्ट न चुकता करतात. दोन्ही हातांनी ती घट्ट धरतात आणि सगळं अंग लावून गदागदा हलवतात. हलली, की वेल्डिंगचा आणखी एक टाका. मग परत गदागदा. हलतं ते कच्चं, हलत नाही ते पक्कं, एवढ्या एका हिशेबावर त्यांनी घर चालवलं, टेंपो घेतला आणि एक मुलगी वाढवली. मुलगी मात्र अशी निघाली की एका जागी म्हणून बसली नाही.

ही मुलगी म्हणजे माझी चुलत बहीण. घरात आणि गल्लीत तिला सगळे खटपट म्हणतात. शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी घेताना एकदा चुकून तेच बोलून गेल्या होत्या. लहानपणी तिने घरातली इस्त्री उघडली आणि परत जोडली. इस्त्री तापायला लागली, पण चार स्क्रू उरले. काकू अजूनही कपाटातून ते स्क्रू काढून पाहुण्यांना दाखवते आणि म्हणते, "कंपनीने उगाचच घातले होते. आमच्या बाईसाहेबांनी काढून टाकले." मग तिने काकूचं शिवणयंत्र उघडलं. काकू शाळांचे गणवेश शिवते, त्यामुळे त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. संध्याकाळी यंत्र आधीपेक्षा हलकं चालायला लागलं. काकूने तिला एक धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं, ह्याच क्रमाने.

तरीही काकांच्या शेडमध्ये एक दिवस मोटारसायकलचा नुसता सांगाडा उभा दिसला, तेव्हा सगळ्यांचेच डोळे पांढरे झाले. चाकं नाहीत, टाकी नाही, इंजिन नाही. गंजलेली चासिस दोन विटांवर टेकवून ठेवलेली.

"हे काय?" काका म्हणाले.

"मोटारसायकल."

"कुठाय?"

"व्हायचीय अजून. जुन्या वळणाची बनवणार आहे. गोल दिवा, लांबट टाकी, एकच सीट."

"बनवायची कशाला? दुकानात मिळत नाहीत का?"

"मिळतात. घेऊन देता?"

काकांनी कटर उचलला. "ह्या शेडमध्ये माझ्या कामाच्या आड आली तर भंगारात टाकीन," एवढं बोलून ते ग्रिल कापायला वळले. त्यानंतर वर्षभर त्या गाडीला त्यांनी हात लावला नाही. चुकून तिच्याकडे नजर गेली तर लगेच दुसरीकडे वळवायचे, जसं एखाद्या नको असलेल्या पाहुण्याला टाळावं तसं.

पैसे नव्हते हे खरंच होतं, आणि खटपटच्या कामाची सगळी तऱ्हा त्यातूनच ठरली. गल्लीच्या टोकाला भंगारवाला आहे. एका जाड पाइपवर जुन्या मालवाहू सायकलचं रुंद सीट बसवून त्याने स्वतःसाठी बैठक केली आहे. सीटखाली मनगटाएवढ्या दोन स्प्रिंगा. त्यावर वरखाली डुलत तो दिवसभर लोकांशी घासाघीस करतो. खटपटने त्याच्याशी सौदा केला. ती शाळा सुटल्यावर त्याचा माल वेगळा करून द्यायची, तांबं एकीकडे, पितळ एकीकडे, ॲल्युमिनियम एकीकडे. त्याबदल्यात हवा तो सुटा भाग न्यायचा.

"पोरी, तू माझ्याकडून इतकं नेतेस," तो म्हणायचा, "की तुझी गाडी झाल्यावर तिच्यात माझा निम्मा हिस्सा."

"घ्या की. मागचा निम्मा तुमचा. पुढचा मी चालवेन."

टाकी एका गाडीची, दिवा दुसरीचा, इंजिन तिसरीचं. त्या इंजिनात तर उंदरांनी घर केलेलं होतं. मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनला आहे. रविवारी तिच्याकडे जायचे आणि दर वेळी मला धक्का बसायचा. इंजिनाच्या पोटातून तिने चिंध्या उपसल्या, आत चक्क उंदराची पिल्लं निघाली. पिस्टन रॉकेलमध्ये बुडवून ठेवून ठेवून सोडवला. कार्बोरेटर साफ करायला काकूची बारीक सुई पळवली. एका रविवारी तिने किक मारली आणि ते इंजिन सुरू झालं. आवाजाने शेडमधल्या पत्र्यावरची धूळ आमच्या डोक्यावर पडली. मी किंचाळले. ती मात्र इंजिनाकडे बघत शांतपणे म्हणाली, "ताई, तेल कुठूनतरी जळतंय."

हे सगळं ती मजेखातर करत होती असं मला वाटायचं. तसं नव्हतं. गावाबाहेर कारखान्यांच्या रांगेत, सगळे ज्यांना मास्तर म्हणतात त्या मिस्त्रींचं वर्कशॉप आहे. मोडकळीला आलेल्या जुन्या मोटारी आणि मोटारसायकली तिथे पुन्हा उभ्या राहतात. मास्तर दरवर्षी शिकायला एकच नवा हात घेतात, आणि ती जागा खटपटला हवी होती. दाखले बघत नाहीत. स्वतः बनवलेलं काहीतरी आणायचं आणि त्यांच्या अंगणात चालवून दाखवायचं, एवढीच परीक्षा.

काकांना हे अजिबात पसंत नव्हतं. रक्त तपासणीच्या कोर्सला तिला जागा मिळाली होती. पांढरा कोट, पंख्याखाली काम. "आयुष्यभर मी काळा झालो तेवढं पुरे," ते म्हणायचे. शेवटी काकूने दोघांना समोरासमोर बसवून तोडगा काढला. मास्तरांनी घेतलं तर काका एक शब्द बोलणार नाहीत. नाही घेतलं तर खटपट निमूटपणे कोर्सला जाईल आणि गाडी भंगारवाल्याकडे परत जाईल. मास्तरांनी रविवारची सकाळ दिली. कोर्सची फी भरायची शेवटची तारीख सोमवारची.

शनिवारी दुपारी मी मदतीला म्हणून गेले. शेडच्या दारातच जळलेल्या रबराचा वास आला. खटपट माझ्या मागोमाग आली, हातात भंगारवाल्याकडून आणलेली चेन.

काका गाडीजवळ उभे होते. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं लाजरं हसू.

"हलव," ते खटपटला म्हणाले. "बघ हलवून. आता हलणार नाही."

मोटारसायकलचं मागचं चाक एका लोखंडी चिमट्यात बसवलेलं असतं. तो चिमटा पुढच्या टोकाला चासिसला बिजागरीसारखा जोडलेला असतो, म्हणून खड्डा आला की चाक वरखाली होतं आणि शॉकअप दणका पितात. काकांनी ती बिजागरीच वेल्ड करून टाकली होती. वर दोन्ही बाजूंनी चासिसपासून चिमट्यापर्यंत जाड पट्ट्या जोडल्या होत्या. शॉकअप जागच्या जागी होते, पण आता त्यांना जन्मात काही काम उरलं नव्हतं.

खटपटच्या हातातली चेन खाली पडली. ती पुढे झाली, सीटच्या जागी दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला. गाडी ढिम्म.

"बघ!" काका म्हणाले.

ती मटकन खाली बसली. मला वाटलं आता रडेल, पण रडली नाही. नुसती त्या पट्ट्यांकडे बघत राहिली.

"काका," मी कशीबशी म्हणाले, "ते हलायला पाहिजे होतं."

"काय?"

"मागचं चाक. ते हलायलाच पाहिजे."

काका माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी छपराला भिंती नको म्हणाले. "चाक फिरतं. हँडल वळतं. बाकी कशाला हलायचं? मी सकाळी हलवून बघितलं तर मागचा भाग आडवा डुगडुगत होता. उद्या त्या मास्तरने हलवला असता म्हणजे? आणि शॉकअप तर मी तसेच ठेवलेत की!"

आडवं डुगडुगणंही खरं होतं. बिजागरीतलं रबरी बुश झिजलं होतं आणि नवं बुश खटपट संध्याकाळी बसवणार होती. ते तिच्या खिशात होतं. तिने ते बाहेर काढलं, बघितलं आणि जमिनीवर ठेवलं. मग उभी राहिली.

"मुद्दाम केलंत तुम्ही."

"अगं ए..."

"मुद्दाम! वर्षभर हात लावला नाहीत, आणि आज, उद्या परीक्षा असताना, नेमका आजच लावलात! मी कोर्सला जावं म्हणून केलंत!"

शेजारच्या गिरणीतली माणसं दारात आली. काकू टेप गळ्यात तशीच घेऊन धावत आली. "झालं काय, मला सांगेल का कोणी?" कोणी सांगितलं नाही. काकांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी कटर उचलला. "थांब, कापून देतो. लगेच कापून देतो."

"हात लावू नका!" खटपट ओरडली.

बापावर ती असं ओरडलेली आम्ही कोणी ऐकलं नव्हतं. तिनेही नसावं, कारण ओरडल्यावर तीच दचकली. काकांनी कटर हळूच खाली ठेवला, बाहेर गेले आणि अर्धवट रंगवलेल्या एका गेटला टेकून बसले. ओला रंग शर्टाला लागतोय हेही त्यांना कळलं नाही.

खरं सांगायचं तर तिच्या बोलण्याने माझ्याही मनात शंका आली होती. तोडगा निघाल्यापासून काका गप्प होते. इतका गप्प माणूस मनात काय करत असेल कोणाला ठाऊक. मुद्दाम केलं असेल तर?

मी खाली वाकून वेल्डिंग बघू लागले. कापणं सोपं नव्हतं. बिजागरीची नळी आतपर्यंत पकडली होती. कापायला गेलं असतं तर चासिसच खाल्ली गेली असती. हे मी खटपटला सांगत होते, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती टाकीकडे बघत होती.

टाकी गाडीवर नव्हती. लांब भिंतीपाशी, जुन्या चादरीवर ठेवलेली होती. वायरिंगला ओली फडकी गुंडाळलेली, आच लागू नये म्हणून. इंजिनावर ओलं पोतं. बॅटरीची वायर सोडून बाजूला बांधलेली. आणि वेल्डिंगचे टाके ग्राइंडरने घासून, वरून लाल प्रायमरचा हात मारलेला. गेटच्या कामात काका टाके कधी घासत नाहीत. "रंगाखाली कोण बघतंय," म्हणतात.

खटपट त्या प्रायमरवरून बोट फिरवत राहिली. अजून ओला होता.

"ताई, बिघडवायचं असतं तर इतकं कोणी घासलं असतं?"

ती बाहेर गेली. काकांसमोर उभी राहिली.

"बाबा, उठा. शर्टाला रंग लागतोय."

काकांनी मान वर केली नाही. "मला वाटलं, उद्या तुला कोणी हसायला नको. माझ्या पोरीचं काम हललं म्हणून." मग अगदी खालच्या आवाजात, "मला खरंच ठाऊक नव्हतं गं."

"उठा म्हटलं ना. काम आहे."

"आता कसलं काम?"

तिने मला हाक मारली. "ताई, फार जुन्या गाड्यांना मागे शॉकअप नव्हतेच ना? चाक चासिसला घट्ट, आणि दणका सगळा सीटच्या स्प्रिंगांवर?"

"हो, पण..." मी म्हणाले आणि थांबले. गाडीकडे पाहिलं. मागचा भाग एका सरळ रेषेत उतरत चाकापर्यंत गेला होता. आधी ती तीन गाड्यांची खिचडी वाटायची. आता, त्या दोन पट्ट्यांमुळे, ती खरोखर फार जुन्या काळची दिसत होती. "पण सीट कुठेय तसं? स्प्रिंगवालं?"

खटपट आणि मी एकाच वेळी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं.

भंगारवाला आपल्या बैठकीवर डुलत होता. आमचं म्हणणं ऐकून त्याचं डुलणं थांबलं.

"माझी खुर्ची?"

"हो."

"पोरी, तू इंजिन नेलंस, टाकी नेलीस, दिवा नेलास. आता माझ्या बुडाखालचंही काढून नेणार?"

"मागचा निम्मा हिस्सा तुमचाच आहे ना? मग सीट तुमचंच लागणार."

तो उठला आणि स्वतःच पान्याने सीट सोडवायला लागला. "बसून बसून मोठं केलंय त्याला," पुटपुटला. "नीट सांभाळ."

संध्याकाळपर्यंत शेडमध्ये काम चाललं. निरुपयोगी झालेले शॉकअप उतरवले. मी एकेक टाका भिंगाखाली तपासला, कुठे तडा नव्हता. मग पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोरी ताणून बघितली. वेल्डिंगच्या आचेने चिमटा डावीकडे ओढला गेला होता. काका लगेच म्हणाले, "ओढणारच. एका बाजूने आधी टाके मारले मी." आणि लगेच जीभ चावली. खटपटने चाकाचा आस ढिला केला, एका बाजूला वॉशर घातले, चेन ताणण्याच्या बोल्टांवर चाक सरळ करत आणलं. काकूने सीटवर चामड्याचं नवं कव्हर शिवलं. सीट बसवायला चासिसवर दोन कान, म्हणजे छोट्या पट्ट्या, वेल्ड करायचे होते. तेव्हा खटपट मागे झाली आणि वेल्डिंगचा होल्डर काकांपुढे धरला.

"कुठे ते मी खडूने दाखवते. तेवढंच."

काकांनी होल्डर हातात घेतला. "तेवढंच," म्हणाले.

रविवारी सकाळी गाडी काकांच्या टेंपोतून मास्तरांकडे नेली. मास्तर हडकुळे, तेलकट टोपीतले, कमी बोलणारे. ते गाडीभोवती एक फेरी मारून मागे आले, दोन्ही हातांनी मागचा भाग घट्ट धरला आणि गदागदा हलवला. काकांची आणि माझी नजरानजर झाली.

गाडी हलली नाही.

"मागचा भाग घट्ट करायचं कोणाच्या डोक्यातून आलं?" मास्तरांनी विचारलं.

मला वाटलं, ती सांगेल की माझ्याच. कोण विचारायला येणार होतं? काकाही जमिनीकडे बघत होते, म्हणजे तिने तसं म्हटलं तर त्यांची हरकत नव्हती.

"कोणाच्याच नाही," खटपट म्हणाली. "चूक झाली. बाबा गेट बनवतात. काल त्यांनी बिजागरी वेल्ड केली, हलू नये म्हणून."

मास्तरांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. परत घातली. "काल?"

"काल दुपारी."

"आणि तू काय केलंस?"

"आधी ओरडले. मग सीट बदललं."

मास्तर काकांकडे वळले. त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत असं बघितलं, जसं एखादं माहीत नसलेलं इंजिन बघावं. मग खटपटला म्हणाले, "चालव."

तिने किक मारली. पहिल्या किकला काही नाही. दुसऱ्याला फुसकन धूर. काकूने माझा दंड इतका दाबला की वळ उठला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि खटपट त्या खडबडीत अंगणात निघाली. मागून येणारा दणका थेट स्प्रिंगांवर जात होता. ती सीटवर उडत होती, दात वाजत होते, वेणी हवेत. वळणावर चाक दगडावरून गेलं, तशी ती सीटवरून हातभर वर उडाली. "अगं आई!" काकू ओरडली. खटपट परत बरोब्बर सीटवर येऊन बसली. फेरी पुरी करून ती आमच्यापुढे थांबली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, ते दणक्याचं की कशाचं कळत नव्हतं.

"तेल अजून जळतंय," ती मास्तरांना म्हणाली. "ते शोधायचं राहिलंय."

मास्तरांनी इंजिनाला कान लावला. "हं. पिस्टनच्या रिंगा गेल्यात. उद्या सकाळी ये, उघडू." मग बोट काकांकडे करून म्हणाले, "एक अट. हे माझ्या एकाही गाडीच्या जवळ होल्डर घेऊन यायचे नाहीत."

काकूने तोंडावर पदर धरला. मी खटपटला मिठी मारायला धावले. तिने मात्र मान वळवून आधी बापाकडे पाहिलं. काकांनी शब्द दिला होता, एकही शब्द बोलायचा नाही म्हणून. ते बोलले नाहीत. हसलेही नाहीत. पाठ फिरवून टेंपोच्या दिशेने चालू लागले, आणि चालता चालता शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

फाटकाशी मात्र त्यांची पावलं थांबली. वर्कशॉपचं मोठं लोखंडी फाटक, गंजलेलं, एका बाजूला कललेलं. त्यांनी दोन्ही हातांनी ते धरलं. गदागदा हलवलं. फाटक भुतासारखं खडखडलं.

"मास्तर!" काका तिथूनच ओरडले. "हे हलतंय!"

मास्तर दचकून धावत निघाले. "बघा हां, ते उघडलं पाहिजे! उघडलं पाहिजे ते!"